संमेदची हजेरी

आरवाड्यांच्या घरात कॉम्प्युटर दोन होते, पण कीबोर्ड एकच, माऊस एकच, आणि पडदे दोन असले तरी तेही सामाईक. संमेद आणि त्रिशला, नवरा-बायको दोघंही सरकारमान्य नोंदकार, म्हणजे साक्षीदारांच्या जबान्या ऐकून टाईप करणारे. त्याचं काम जिल्हा न्यायालयाचं, तिचं कामगार न्यायालयाचं. एका कोर्टाचं अक्षरही दुसऱ्या कोर्टाच्या यंत्रात जाता कामा नये, म्हणून कॉम्प्युटर वेगळे. पण प्रमाणित कीबोर्डाचा संच एका घराला एकच मिळणार, हा त्याच सरकारचा दुसरा नियम. दोन्ही नियम एकदम पाळायचे तर टेबलाखाली एक पेटी बसवावी लागे.

अशा पेट्या पूर्वीही मिळत. बटण दाबलं की कीबोर्ड, माऊस आणि पडदे या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर जायचे. या नव्या पेटीला बटणच नव्हतं. ती हात ओळखायची. संमेदने चार शब्द टाईप केले की दोन्ही पडदे निळे होऊन त्याचं काम समोर यायचं. त्रिशलाची बोटं पडली की दोन्ही हिरवे. जयसिंगपुरातल्या आठव्या गल्लीतल्या त्या फ्लॅटची मागची खोली जेमतेम दहा बाय दहाची. एकाने टाईप करावं, दुसऱ्याने शेजारच्या खुर्चीत हेडफोन लावून पुढची जबानी ऐकावी, दोन तासांनी खुर्च्या बदलाव्या, असा त्यांचा अकरा वर्षांचा शिरस्ता होता.

पेटीतलं विज्ञान सांगायला सोपं आहे. कळ दाबली जाते आणि सुटते, यात सेकंदाचा साधारण दहावा भाग जातो. कुणाचा थोडा जास्त, कुणाचा थोडा कमी. एका कळेवरून दुसरीवर जायला किती वेळ लागतो, करंगळी किती रेंगाळते, वेलांटी देताना उजवा हात डाव्याची वाट बघतो की नाही, हे सगळं मोजत गेलं की प्रत्येक माणसाचा आपला असा एक ठेका निघतो. जिन्यात पाऊल वाजलं की कोण आलं ते घरातल्यांना न बघता कळतं, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की पेटी ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजायची आणि तिला कधी सर्दी-पडसं होत नसे.

एवढा खटाटोप कशासाठी, तर तोपर्यंत यंत्रं इतकं बेमालूम लिहायला लागली होती की कागदावरच्या कुठल्याच शब्दाचा भरवसा उरला नव्हता. आवाजाची नक्कल होत होती, चेहऱ्याची होत होती, सहीची तर कधीपासूनच. कुणाच्याही बोटाचा ठसा उमटवणारा रबरी अंगठा गल्लीच्या तोंडाशी मोबाईलच्या दुकानात मिळू लागला. शेवटी न्यायालयांनी ठरवलं, की जबानी एका जिवंत माणसाने कानाने ऐकून बोटांनी टाईप केलेली असेल आणि त्याच्या हाताचा ठेका तिच्यासोबत मोहोरबंद असेल, तरच ती खरी. कीबोर्डाच्या आत बोटाची ऊब आणि नाडी ओळखायची सोय केली, त्यामुळे यंत्रांची डाळ शिजेना. राहता राहिला एकच धोका, एका माणसाने दुसऱ्याचा ठेका हुबेहूब उचलायचा. ते कुणाला जमतंय, असं म्हणून नियम करणाऱ्यांनी तो विषय सोडून दिला.

त्रिशलाला ते जमत होतं. दोघं टायपिंग शिकली एकाच क्लासात, चौगुले मास्तरांकडे. टाइपरायटरची ती शेवटची बॅच, आणि दोघांची मशीन शेजारी-शेजारी. तालुक्याच्या स्पर्धेत संमेद पहिला यायचा आणि ती दुसरी, हे चार वर्षं चाललं. दुसऱ्या येणाऱ्याला पहिल्याचं फार नीट ऐकावं लागतं. जोडाक्षर आलं की संमेद किंचित थांबतो आणि मग पुढची तीन-चार अक्षरं एका दमात टाकतो, हे तिने लग्नाच्या आधीच टिपून ठेवलं होतं. एकमेकांना अरे-अगं करायची सवयही तिथलीच. सासूबाईंनी त्यावर दोन वर्षं नाक मुरडलं, मग सोडून दिलं.

नोंदकाराला रोज सकाळी सात ते आठच्या दरम्यान हजेरी द्यावी लागे. हस्तनोंदणी कार्यालयाकडून शंभर शब्दांचा एक नवा उतारा यायचा, तो टाईप करायचा, की झालं. वयानुसार माणसाचा हात बदलत जातो, त्याचा माग ठेवायला ही हजेरी. जानेवारीत, एकोणीस तारखेला, संमेदने पांघरुणातूनच हाक मारली.

"त्रिशला, माझी हजेरी तूच टाक की आज."

"आणि पकडलं म्हणजे?"

"कोण पकडतंय? माझा हात तुला येतो. माझ्यापेक्षा बरा येतो."

ती हसली, पण तिला ते फार आवडलं. आयुष्यभर दुसरी आलेल्या बाईला पहिल्याने असं म्हणणं ही काही साधी गोष्ट नव्हे. ती खुर्चीत बसली, क्षणभर त्याचा ठेका कानात आठवला आणि चार शब्द टाकले. दोन्ही पडदे निळे झाले. तीन मिनिटांनी "हजेरी मान्य" आलं. कॉलेजात मित्राच्या नावाने "हजर" म्हणतात, त्यापलीकडे तिला त्यात काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशीही थंडी होतीच. तिसऱ्या दिवशी संमेद उठला, पण चहा टाकायला गेला, आणि मग तीच वाटणी पडून गेली: चहा त्याचा, दोन्ही हजेऱ्या तिच्या. दिवसभराच्या जबान्या तो स्वतःच टाईप करायचा आणि पेटीही कधी अडली नाही. पेटीला दोघांपैकी कोण एवढंच ठरवायचं असे, तिला फार बारकावा लागत नव्हता. बारकाईने बघायचं ते कार्यालय. जबान्यांवरचा मोहोरबंद ठेका तेही वाद निघाला तरच उघडायचं, आणि कार्यालयाला रोज सकाळी फक्त त्रिशलाची बोटं दिसत होती.

उन्हाळ्यात एकदा ती हेडफोन काढून म्हणाली, "तुझं टायपिंग जड वाटायला लागलंय रे."

"कीबोर्डात धूळ गेलीये," संमेद म्हणाला. त्याने कीबोर्ड उलटा करून झटकला. थोडी धूळ पडलीही, त्यामुळे विषय तिथेच मिटला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निपाणीच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं आणि त्रिशला चार दिवस तिकडे गेली. तिला तिची हजेरी तिथल्या नोंदणी केंद्रावर देता येत होती. संमेदची मात्र कोण देणार? जाताना ती म्हणाली, "आता चार दिवस लवकर ऊठ म्हणजे झालं." तो हो म्हणाला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला.

"तीनही दिवस हजेरी फसली."

"असं कसं होईल? तुझाच हात ना?"

"माझाच," संमेद म्हणाला. "उद्या सांगलीला डॉक्टरकडे बोलावलंय. महिन्याभरात तीनदा फसली की जावंच लागतं."

बसमधून येताना तिला एकच गोष्ट खात होती. आपणच त्याची सवय मोडली. आठ महिने रोजचा सराव काढून घेतला आणि आता हात कसा जुळेल, असं ती मनाशी म्हणत राहिली. याच्यापेक्षा वाईट काही असेल हे तिच्या डोक्यात आलं नाही.

डॉक्टर शबाना मुजावर हातांच्याच डॉक्टर होत्या, म्हणजे खरं तर मेंदूच्या. त्यांनी संमेदला अर्धा तास टाईप करायला लावलं, आलेख बघितला आणि पेन खाली ठेवून सरळ सांगितलं.

"आरवाडे, तुमचं बोट कळ दाबताना चुकत नाहीये. ती सोडताना उशीर करतंय. बोट उचलायचा हुकूम देणाऱ्या पेशी मेंदूत एका जागी असतात, त्या मरायला लागल्या की पहिली खूण ही. हात थरथरायला अजून दीड-दोन वर्षं लागतील. पूर्वी लोक थरथर सुरू झाल्यावर यायचे, तेव्हा हातात काहीच राहिलेलं नसायचं. आता ही हजेरीची पद्धत आहे म्हणून लवकर कळतं."

"मग यावर औषध?" त्रिशलाने विचारलं.

"आहे. पाठीच्या कण्यातून एक इंजेक्शन द्यायचं. पहिल्या खुणेपासून सहा महिन्यांच्या आत दिलं, तर आजार आहे तिथे थांबतो. सहा महिन्यांनंतर मात्र आम्ही देत नाही. तेव्हा ते मेलेल्या पेशींच्या जागी सूज धरतं आणि ती सूज वाचेच्या जागेवर जाते. तिघांतल्या एकाचं बोलणं कायमचं बंद होतं. आजार कुणाचा थांबतो, कुणाचा तेवढं होऊनही थांबत नाही." त्यांनी पडदा दोघांकडे वळवला. "तुमची हजेरी बघा. एक सप्टेंबरपर्यंत हात ठणठणीत. दोन तारखेला एकदम पडला. इतकं एकदम सहसा होत नाही, पण म्हणजे आपण अगदी सुरुवातीलाच धरलं. नशीबवान आहात."

पडद्यावर आठ महिन्यांची सरळ रेघ होती आणि ती त्रिशलाची होती. ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात संमेदने विचारलं, "इंजेक्शन कधी देता?"

"सोमवारी. संमतीपत्र तुमच्या हातचं लागेल, नोंद आहे त्याच ठेक्यात टाईप केलेलं. एवढ्या जोखमीच्या औषधाला सही किंवा अंगठा चालत नाही, ते तुम्हाला ठाऊकच आहे. सुरुवातीच्या दिवसांत हात मधूनमधून जुळतो, विश्रांती झाल्यावर करून बघा. रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत कितीही वेळा प्रयत्न करता येईल."

परतीच्या रिक्षात पूल लागला. मग त्रिशला म्हणाली, "ती रेघ माझी आहे. तुझा हात नक्की कधी बिघडला हे कुणालाच माहीत नाही. आपण परत जाऊन सांगू या."

"मला माहीत आहे ना. मला राखी पौर्णिमेच्या सुमारास जाणवायला लागलं. म्हणजे महिना झाला. तुझी रेघ काढली तरी मी सहा महिन्यांच्या आतच आहे."

"नक्की?"

"माझा हात मला कळणार नाही?"

घरी आल्यावर त्याने बाकीचं मांडलं. खोटी हजेरी उघडी पडली तर दोघांचीही नोंदणी रद्द होणार, ते एक. पण त्याहून मोठं म्हणजे या आठ महिन्यांत त्याने टाईप केलेली प्रत्येक जबानी संशयात जाणार. "बापू खिलारे आठवतात?" त्याने विचारलं. कारखान्याचा बॉयलर फुटला तेव्हा त्या पाळीतला वाचलेला एकटा माणूस. मे महिन्यात संमेदने त्याची जबानी घेतली आणि जूनमध्ये तो वारला. "सात घरं त्या जबानीवर उभी आहेत. ती रद्द झाली तर बापूंना परत बोलवायला कोण जाणार?"

सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणून त्रिशला कुकर लावायला उठली, आणि उठली याचा अर्थ तिने मान्य केलं असा त्याने घेतला. तसं तिने मान्य केलंही होतं. त्याने महिना झाला म्हटलं आणि तिने ते धरून ठेवलं, कारण तिला तेच हवं होतं.

शुक्रवारी आणि शनिवारी संमेदने नऊ वेळा प्रयत्न केला. आंघोळीनंतर केला, झोपून उठल्यावर केला, हात कोमट पाण्यात बुडवून केला. पेटी बिचारी दर वेळी त्याला निळे पडदे द्यायची; कार्यालय मात्र "हात जुळत नाही" म्हणून संमतीपत्र उघडूच द्यायचं नाही. नवव्या वेळेनंतर तो बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "तूच कर." त्याचा चांगला हात आता फक्त तिच्याकडेच होता, हे दोघांनाही कळत होतं.

रविवारी दुपारी तो दाढी करायला गेला, तेव्हा तिने संमतीपत्र उघडून ठेवावं म्हणून चार शब्द टाकले, जोडाक्षराशी किंचित थांबून, पुढचं एका दमात. पडदे निळे झाले. मग कार्यालयाकडून आलं, "हात जुळला", आणि डाव्या पडद्यावर संमतीपत्र उघडलं. उजव्या पडद्यावर आणखी एक पान उघडलं. ते तिने पूर्वी कधी बघितलं नव्हतं, कारण हजेरीला ते लागत नसे. पानाचं नाव होतं "आपल्या हाताविषयी". खाली लिहिलं होतं की हजेरी एखाद्या वेळी फसली तर तशी सूचना फक्त त्या व्यक्तीलाच दिली जाते, अन्य कुणालाही नाही. त्याखाली सूचना होत्या. सप्टेंबरच्या तीन तिला ठाऊकच होत्या, पण त्यांच्याआधी आणखी दोन होत्या.

अकरा जानेवारी: बोट उचलण्यास विलंब. डॉक्टरांना भेटावे. वाचले.

सतरा जानेवारी: बोट उचलण्यास विलंब. डॉक्टरांना तातडीने भेटावे. वाचले.

त्रिशलाने ते दोनदा वाचलं. आधी तिने महिने मोजले. जानेवारी ते सप्टेंबर, आठ. मग तिला एकोणीस तारीख आठवली, ते पांघरूण, आणि माझ्यापेक्षा बरा येतो हे वाक्य. ते वाक्य तिने आठ महिने पदकासारखं जपलं होतं. तिला प्रचंड राग आला. आजाराचा नाही, खोटं बोलल्याचाही तितका नाही. त्याने तिला तिच्या आवडीच्या जागी धरून फसवलं, याचा.

संमेद टॉवेलने गाल पुसत आत आला. "उघडलं?"

"उघडलं. अकरा जानेवारीला काय झालं होतं?"

त्याने उजव्या पडद्याकडे बघितलं. बाजूची खुर्ची ओढून तो हळूच बसला. "मला वाटलं थंडीने असेल," तो म्हणाला.

"आणि सतराला?"

"सतरालाही थंडीच होती."

तिने पडद्यावरच्या दुसऱ्या तारखेवर बोट ठेवलं. मग तोच बोलू लागला. "तिसऱ्यांदा फसली असती तर डॉक्टर. डॉक्टर म्हणजे नोंदणी थांबली. मला वाटलं महिनाभरात जाईल, मग मीच परत हजेरी द्यायला लागेन. ते गेलं नाही. फेब्रुवारीत सांगणार होतो. मग मार्च आला. मग सांगायला उशीर झाला होता, त्याचंच कारण सांगावं लागलं असतं."

"जानेवारीत सांगितलं असतंस तर जानेवारीत इंजेक्शन मिळालं असतं."

"हो."

"आणि आता सहा महिने होऊन गेलेत हे तुला माहीत आहे. तरी मला संमती टाईप करायला बसवलंस."

"तिघांतल्या दोघांना काही होत नाही, त्रिशला."

"आणि तिसऱ्याला?"

"तिसऱ्याची वाचा जाते. पण हात वाचण्याची शक्यता तरी राहते." त्याने आपला उजवा हात टेबलावर ठेवला. "बोलून मी असं काय मोठं करतो? हाताने काहीतरी करतो. तालुक्यात पहिला यायचो, ते हातामुळे. तोंडामुळे नाही."

"माझ्याशी कोण बोलणार मग?"

या प्रश्नाचा त्याने विचार केला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. आठ महिने एकट्याने गुपित सांभाळणाऱ्या माणसाला आपलं बोलणं कुणाला लागत असेल, हे सुचत नाही. शेवटी तो म्हणाला, "लिहिणार आहेस की नाही? नसशील तर तसं सांग."

"लिहिते," त्रिशला म्हणाली. "सांग."

तो सांगू लागला, कोर्टातल्यासारखं, सावकाश. "मी, संमेद बाहुबली आरवाडे, हे लिहून देतो की, माझ्या हाताच्या आजारावरील इंजेक्शनाची जोखीम मला समजली असून."

तिने बोटं ठेवली. तिच्या हाताखाली त्याचा जुना, तरणा ठेका वाजू लागला, तो स्वतःही आता कधी वाजवू शकणार नव्हता असा. डाव्या पडद्यावर अक्षरं उमटत गेली. "मी, संमेद बाहुबली आरवाडे, हे लिहून देतो की," इथपर्यंत ती त्याच्याबरोबर होती. तिथून पुढे ती थांबली नाही, पण त्याचं ऐकलंही नाही.

"माझ्या हाताबद्दलची पहिली सूचना मला अकरा जानेवारीला मिळाली आणि दुसरी सतराला. मी डॉक्टरांकडे गेलो नाही. एकोणीस जानेवारीपासून माझी हजेरी माझ्या बायकोने माझ्या ठेक्यात दिली. ती माझ्या सांगण्यावरून दिली, आणि का ते मी तिला सांगितलं नाही."

संमेद सांगायचा थांबला होता. तो वाचत होता. माऊस तिच्याच बाजूला होता, पण कीबोर्ड हिसकावून घेणं त्याला अवघड नव्हतं. त्याने हात पुढे केला नाही.

"बापूंचं काय?" एवढंच त्याने विचारलं.

"लिहिते, वाच."

"या काळातली प्रत्येक जबानी मात्र मी स्वतः ऐकून स्वतःच्या बोटांनी टाईप केली आहे. कै. बापू खिलारे यांचीही. त्या जबान्यांवर जो ठेका मोहोरबंद आहे तो माझ्या आजारी हाताचा आहे. माझ्या हजेरीशी तो जुळणार नाही, कारण हजेरी माझी नाही. तो आज माझ्या हाताशी ताडून बघावा, जुळेल. हा मजकूरसुद्धा माझी बायकोच टाईप करते आहे. मी शेजारी बसून वाचतो आहे. सोमवारी मला हे इंजेक्शन देऊ नये."

तिने हात उचलले. कार्यालयाने तीन सेकंद घेतले. "हात जुळला," पडद्यावर आलं, आणि त्याच्याखाली नेहमीचा प्रश्न: हा मजकूर आपलाच आहे का? होय. नाही. याला कीबोर्ड चालत नसे, माऊसच लागे.

त्रिशलाने माऊस उचलून त्याच्या बाजूला ठेवला आणि आपले दोन्ही हात मांडीवर घेतले. जे तिच्या हातात होतं ते तिने केलं होतं, आणि त्यातलं निम्मंच तिचं होतं.

संमेदने माऊसवर हात ठेवला. बाण पडद्यावर "होय"च्या शेजारून पुढे गेला आणि "नाही"वर जाऊन थांबला. तिथे तो खूप वेळ होता. खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होऊन निघूनही गेली. संमेदने सगळा मजकूर पहिल्यापासून परत वाचला. एका ठिकाणी त्याचे ओठ हलले.

"जोडाक्षराशी तू अजूनही माझ्यापेक्षा जरा जास्त थांबतेस," तो म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही."

बाण मागे सरकला, चुकला, परत सरकला. या खेपेला तो "होय"वर बसला आणि संमेदने कळ दाबली. बोट उचलायला त्याला वेळ लागला, पण दाबायला लागला नाही. मजकूर गेला. थोड्या वेळाने दोन्ही पडद्यांवर आलं, की हा हात तपासणीसाठी थांबवण्यात आला आहे, आणि निळा रंग मालवला.

दोघं काळ्या पडद्यांकडे बघत बसली. त्रिशलाला रडू येत होतं आणि राग अजून गेला नव्हता, दोन्ही एकाच वेळी.

"आता तुझं लिही," संमेद म्हणाला. "तुलाही लिहून द्यावं लागेल. माझ्यावर सगळं ढकलू नकोस म्हणजे झालं."

"खरं तेवढंच लिहीन," ती म्हणाली आणि तिने कीबोर्डावर बोटं ठेवली. पहिले दोन शब्द जुन्या सवयीने त्याच्या ठेक्यात पडले आणि पडदे काळेच राहिले. ते तिने पुसले. मग आपल्या हाताने, आपल्या नावापासून, ती नव्याने लिहू लागली. पडदे हिरवे झाले. संमेदने खुर्ची जवळ ओढली आणि ती काय लिहिते ते तो वाचत बसला.